खाल्लं नाही, संपवलं

आमच्या इथे अमेरिकेत, अल्फारेटात, कुणाकडे जेवायला गेलं, की दार उघडणारी बाई "ये ये" म्हणायच्या आधी "आज तेल अगदी कमी घातलंय हं" असं सांगते. तिच्या खांद्यावरून तिचा नवरा डोकावतो आणि मला पाहून हातातली चकली पाठीमागे नेतो. मी अजून चपलाही काढलेल्या नसतात. मी पोलिसात असते, तरी लोकांनी इतक्या तत्परतेने माल लपवला नसता.

बायकांचं हृदय आणि बायकांचा आहार हा माझ्या संशोधनाचा विषय. बायका काय खातात ते विचारायचं, लिहून घ्यायचं आणि पुढे त्यांच्या हृदयाचं काय होतं ते बघत बसायचं, हे मी गेली बरीच वर्षं करते आहे. विषय ऐकायला भारदस्त वाटतो. माझ्या सासूबाईंनी मात्र त्यांच्या मैत्रिणीला फोनवर त्याचं वर्णन केलं ते असं: "डॉक्टर आहे गं, पण औषध देत नाही. काय खाल्लं ते विचारते आणि घरी येते." या व्याख्येत चूक काढायला मला अजून जागा सापडलेली नाही.

पार्टीत मला एकच प्रश्न विचारला जातो. तूप चांगलं की वाईट? मी "किती, कोणाला, कशाबरोबर" असं सुरू केलं, की समोरचा "म्हणजे चालतं" म्हणून वरणावर तूप ओततो. मी "नाही, तसं नाही" म्हटलं, तर "म्हणजे तुमचं अजून नक्की ठरलेलं नाही" असं म्हणतो. आणि ओततो. इतक्या वर्षांत माझ्या शास्त्रामुळे जगातलं तूप एक चमचाभरही कमी झालेलं नाही.

तर असं सगळं सुखात चालू असताना मी मराठी बायकांचा एक वेगळा गट मागून घेतला.

झालं असं, की आमच्या अभ्यासात जॉर्जियातल्या तऱ्हेतऱ्हेच्या बायका आहेत आणि प्रत्येकीचा अर्ज एकेका खोक्यात जातो. आपल्यासाठी खोका होता 'इंडियन'. त्याखाली पदार्थांची यादी होती: करी, राईस, नान, बस. नान! आमच्या स्वयंपाकघरात नान शेवटचं आलं ते नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉटलक पार्टीतून, फॉइलमध्ये गुंडाळून, आणि ते लाटणं म्हणून वापरता आलं असतं. मी आमच्या अभ्यासाच्या मुख्य बाईंकडे गेले आणि भाकरी, पोहे, थालीपीठ, पिठलं, उसळ या विषयावर अर्धा तास बोलले. बाई इथल्याच, जॉर्जियातल्या खेड्यातल्या. त्यांचं बोलणं संथ, गोड, आणि वाक्य संपेपर्यंत आपल्याला सुरी लागलीये हे कळत नाही.

"ठीक आहे, हनी," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकांचा वेगळा गट करू. पण प्रयोग म्हणून. उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्या जेवणाच्या डायऱ्या विश्वास ठेवण्यासारख्या आल्या, तर गट राहील. नाही आल्या, तर सगळ्या परत 'इंडियन'च्या खोक्यात."

मला तो गट हवा होता. अगदी मनापासून हवा होता. बाईच्या छातीत दुखलं तर आपल्याकडे आधी त्याचं नाव पित्त असतं, मग दगदग असतं, मग वय असतं. हृदय असं नाव पडेपर्यंत फार उशीर होतो. आणि ज्या खोक्यात सगळ्या जणी नान खातात, त्या खोक्यातून आपल्या बायकांबद्दल कुणाला काय कळणार?

प्रश्नावलीचं मराठी भाषांतर अर्थात मीच केलं. शाळेत मी मराठीत पहिली यायचे. हे मी इथे भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दहा मिनिटांत सांगते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला काम द्यायचा प्रश्नच नव्हता. पहिलाच प्रश्न मी असा लिहिला: 'काल दिवसभरात आपण काय काय खाल्ले? वेळ, पदार्थ व प्रमाण नमूद करावे.' नमूद करावे! लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. नवरा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "रेशनकार्डाचा अर्ज आहे का?"

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं. पुण्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या, नाशिकच्या अशा दोन-अडीच डझन बायका तयार झाल्या. काही नोकरीवाल्या, काही मुलांकडे राहायला आलेल्या काकू-मावश्या. महिन्याभरात डायऱ्या माझ्या टेबलावर आल्या आणि मी त्या वाचायला बसले.

काय सांगू! साक्षात संत. सकाळी चहा, बिनसाखरेचा. मग अर्धी वाटी उपमा. दुपारी दोन फुलके, पालेभाजी, वरण. रात्री मुगाची खिचडी, 'थोडीशी'. पानंच्या पानं हेच. कुणाच्या घरी बटाटा नव्हता. गणपतीत ज्या बाईने माझ्यासमोर सात मोदक खाल्ले होते, तिच्या डायरीत 'सफरचंद, पाव' असं लिहिलेलं होतं. मला वाटलं पाव म्हणजे ब्रेड. नाही, पाव सफरचंद.

मुख्य बाईंनी बेरीज बघितली, चष्मा काढला, पुसला, परत बघितली.

"हनी, तुझ्या या बायका ऊन खाऊन जगतात का? झाडांसारख्या?"

"त्या कमीच जेवतात," मी म्हणाले.

"यांच्या वजनाचे आकडेही माझ्याकडे आहेत."

मी टेबलावरच्या डायऱ्यांची चळत सरळ केली.

"खाण्याबद्दल सगळेच खोटं बोलतात," बाई समजुतीने म्हणाल्या. "पण थोडं. तुझ्या बायका जे लिहितायत, त्यावर एक मध्यम आकाराचं मांजर जगेल."

"आमच्या बायका खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच. खोलीत दोन ज्युनिअर होते, त्यांनी आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं.

"मग काय चुकतंय ते शोध. तीन आठवडे देते."

घरी येताना फोर हंड्रेड हायवेवर नेहमीसारखीच गाडी अडकली. त्या सगळ्या वेळात मी स्टीअरिंगला मराठी स्त्रीच्या सचोटीवर एक उत्तम भाषण ऐकवलं. तेवढ्यात एका हाताने मुलीच्या टिफिनमधलं सकाळचं अर्धं सँडविच खाऊन टाकलं. डबा सीटवर तसाच उघडा पडला होता, म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघरी जायचं ठरवलं. सुरुवात नागपूरच्या काकूंपासून केली. काकू शाळेत मराठी शिकवायच्या. आता लेकीकडे असतात, लेक-जावई दोघं कामावर असले की चार वर्षांच्या नातीला सांभाळतात. त्यांची डायरी सगळ्यांत सुवाच्य होती आणि माझ्या प्रश्नावलीतल्या तीन ऱ्हस्व-दीर्घांवर त्यांनी लाल पेनाने खुणा करून पाठवल्या होत्या. अशी बाई खोटं लिहील? शक्यच नाही. माझी सगळी भिस्त काकूंवर होती.

मी पोहोचले तेव्हा नात उंच खुर्चीवर बसून मॅकरोनी खात होती, आणि काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. मी पिशवीतून माझे रबरी पदार्थ काढले. रबराची पोळी, रबराची भाताची मूद, रबराचा चीजचा तुकडा. प्रमाण दाखवायला आम्ही ते वापरतो. काकूंनी पोळी उचलून उलटी करून पाहिली.

"कच्ची आहे."

"काकू, ती रबराची आहे."

"दिसते आहे. पण कच्चीच दाखवायची होती का?"

मी वही उघडली. "बरं काकू, काल सकाळी काय खाल्लं?"

"लिहिलं आहे ना. अर्धी वाटी उपमा."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काही नाही."

"जेवणापर्यंत काहीच नाही?"

"काहीच नाही. काय विचारून राहिली गं तू सारखं? या वयात माणसाला लागतं किती?"

हे बोलणं चालू असताना नातीने "ऑल डन!" म्हणून वाटी ढकलली. काकूंनी वाटी उचलली, तिच्यातली उरलेली मॅकरोनी तीन चमच्यांत तोंडात घातली, चमचा चाटला आणि वाटी डिशवॉशरमध्ये लावली. बोलण्यात खंड नाही. मग गॅसवरच्या भाजीतली एक फोड तळहातावर घेऊन फुंकर मारून खाल्ली. मग अजून एक, कारण पहिलीत अंदाज आला नाही. नातीच्या टोस्टच्या कडा बशीत होत्या, त्या गेल्या. शेंगदाण्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसवायचं होतं, ते बसवायच्या आधी चार दाणे गेले. माझी पेन्सिल वहीवर टेकलेली होती आणि काय लिहावं ते मला सुचत नव्हतं.

"काकू," मी हळूच म्हणाले, "हे लिहाल ना डायरीत?"

"हे म्हणजे?"

"आत्ता खाल्लं ते."

"मी? केव्हा खाल्लं?" काकूंचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

"ती मॅकरोनी..."

"अगं, ती खाल्ली कुठे? ती संपवली!"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"खाणं म्हणजे," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा झाला, "आपल्यासाठी वाढलेलं, ताट घेऊन, बसून जे जेवतो ते. हे मी स्वतःसाठी घेतलं का? टाकवत नाही म्हणून संपवलं. आणि भाजीचं म्हणशील, तर ती मी खाल्ली नाही, मीठ बघितलं."

"बघितलं?"

"मग मीठ काय डोळ्यांनी बघतात? आणि दाणे नुसते तोंडात टाकले. आणि दुधाच्या पातेल्याची खरवड काढते मी रोज, ती तर भांडं घासायला सोपं जावं म्हणून. तू विचारलंस 'खाल्ले'. खाल्लेलं सगळं लिहिलं मी. एक घास चोरला नाही. तुझा प्रश्न चुकला, त्याला मी काय करू?"

शाळेत मराठीत पहिली आलेली बाई तिथे रबरी पोळी हातात धरून बसली होती. एवढी वर्षं मी हेच बोलते, हीच भाषा, हेच 'जरा बघ गं मीठ', हेच 'एवढंसं उरलंय, संपवून टाक'. आणि प्रश्नावली लिहायला बसले तेव्हा मला आठवलं काय, तर 'नमूद करावे'.

काकूंना माझी दया आली असावी. त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "दोन दिवस पित्त पित्त म्हणत होती. आलं-लिंबू घेत होती आणि स्वयंपाक करत होती. तिसऱ्या दिवशी..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. "म्हणून तुझा कागद भरला. नाहीतर मी उपमा किती खाल्ला ते परक्या माणसांना सांगायची मला काय हौस आहे? तेव्हा नीट विचार. नीट विचारलंस तर नीट सांगू. चल, भाजी झाली, जेवायला बस."

मी बसले. त्यांनी ताट वाढलं. ते मात्र मी खाल्लं.

घरी जाऊन मी नवीन अर्ज केला. 'जेवलात', 'तोंडात टाकलंत', 'बघितलंत', 'संपवलंत' असे चार रकाने. फार आनंदात तो मुख्य बाईंपुढे ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं.

"संपवलं म्हणजे लेफ्टओव्हर्स?"

"नाही. लेफ्टओव्हर्स फ्रीजमध्ये असतात. त्याला आम्ही शिळं म्हणतो आणि ते गरम करून रीतसर खातो. संपवलं म्हणजे... ताट आणि सिंक यांच्यामधल्या चार पावलांत जे होतं ते."

बाईंनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "अर्ज मध्येच बदलायचा तर कमिटी लागते. कमिटीला पुरावा लागतो. एका बाईची एका दिवसाची नोंद आण. पण तिने स्वतः लिहिलेली नको. दुसऱ्या कुणीतरी दिवसभर बघून लिहिलेली."

मी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, की एक दिवस कुणी आपल्याकडे बघू देईल का. ग्रुपवर इतकी शांतता मी देणगीच्या आवाहनानंतरही पाहिलेली नाही. मग एकेकीचे खासगीत फोन आले.

"यार, माझ्या सासूसमोर? वेडी आहेस का?" इति मुंबई.

"मी केलं असतं गं, पण माझं खरंच काही नसतं." इति सात मोदक.

"आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही," पुण्याच्या वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे उरतच नाही. अंदाज असतो."

काकू तयार होत्या, पण त्यांच्याकडे बघायला चार वर्षांची नात सोडून दिवसभर कुणी नव्हतं. आठवडा उरला होता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "एवढी शोधतेस कशाला? तू बाई नाहीस का?"

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण मला वाटत होतं, की माझ्या नोंदीत काही सापडणारच नाही. मी शास्त्रज्ञ. मी इतक्या बायकांना सल्ला देते. माझा दिवस म्हणजे ओट्स, सॅलड, मूठभर बदाम. पुराव्याच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी.

नोंदीचं काम सोळा वर्षांच्या माझ्या लेकीने घेतलं. एरवी तिला पाण्याचा ग्लास उचल म्हटलं तर तिचा होमवर्क निघतो. या कामाला ती शनिवारी सकाळी आठ वाजता आंघोळ करून तयार होती.

"मॉम, डोन्ट लुक ॲट मी. ॲक्ट नॅचरल."

मी नॅचरल वागले. ओट्स खाल्ले. बदाम मोजून घेतले. नवऱ्याच्या बशीत पोह्यांचे चार घास राहिले होते ते उचलले. तिने फोनवर काहीतरी टिपलं.

"हे कशाला लिहितेस? बशी धुवायची होती."

"दॅट्स ग्रेट, मॉम. आय ॲम राइटिंग द रीझन टू."

साडेनऊपर्यंत सासूबाई खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या. त्यांना टीव्ही नको होता. "फ्रीजच्या दारामागे बघ," त्यांनी नातीला सुचवलं. "ती तिथे उभी राहते. मला वाटायचं दूध शोधते." दहा पस्तीसला नवरा लिव्हिंग रूममधून ओरडला, "बाकरवडीचा चुरा! मी आवाज ऐकला!" घरातली तिन्ही माणसं एका कामासाठी एकत्र आल्याचा तो अनेक वर्षांतला पहिला प्रसंग.

"आई, तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला," मी सासूबाईंना म्हणाले.

"मी बाजूनेच बोलते आहे. तिने खरवड लिहिली नव्हती, ती मी सांगितली."

रात्री यादी फोनवर सरकवता सरकवता लेकीचा अंगठा दुखला. जेवण दोनदा, तेही आदर्श. बाकी सगळं उभ्याने. वॉफलचा कोपरा, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, वरणाचं मीठ तीनदा बघितलं, सासूबाईंचा अर्धा लाडू 'त्यांना गोड नको म्हणून', नवऱ्याची अर्धी पोळी 'गार झाली म्हणून', गाजराचं टोक, चीजची एक अख्खी पट्टी 'पाकिटात एकटीच राहिली होती'.

लेकीने यादी परत वरपर्यंत सरकवली. मग नेहमीचा वात्रटपणा न करता म्हणाली, "मॉम, तू लंच आणि डिनर बरोबर केलंस. बट देन देअर इज धिस होल अदर पर्सन. आणि तिला कोणी वाढलंच नाहीये."

मी ओट्यावरून फडका फिरवत राहिले. ओटा आधीच पुसलेला होता.

कमिटीत आठ जण होते, त्यांतले सहा पुरुष. नोंद निनावी असावी असा नियम. मुख्य बाईंनी ती आपल्या संथ आवाजात वाचायला घेतली. "दहा पस्तीस. तिखट बिस्किटाचा चुरा. उभ्याने. फ्रीजच्या दारामागे." एक-दोघं हसले. "कारण: 'दिसला.'" अजून हसले. निनावीपणा पहिल्या पानावरच संपला, कारण खोलीत कानापर्यंत लाल झालेली मी एकटीच होते. आकडेवारी बघणारे गृहस्थ सभ्य आहेत, त्यांनी माझ्याकडे न बघता छताला विचारलं, "ही बाई स्वतः आहाराबद्दल जागरूक आहे का?"

"त्याच कामाचा पगार घेते," मी म्हणाले.

यानंतर निनावी असं काही राहिलंच नाही. बाईंनी उरलेली दोन पानं वाचली, एकही ओळ गाळली नाही. चीजच्या एकट्या पट्टीला सगळ्यात मोठा हशा मिळाला. मग त्यांनी खाली लिहिलेल्या दोन बेरजा दाखवल्या. एक जेवणांची. एक बाकीची. बाकीची जास्त होती.

"हे उरलेलं टाकून का देत नाहीत?" गृहस्थांनी विचारलं. खरंच कुतूहल होतं त्यांना.

"तुमच्याकडे उरलेल्याचं काय होतं?" बाईंनी विचारलं.

ते लगेच म्हणाले, "आमच्याकडे कधी उरत नाही."

पुण्याच्या वहिनींशी त्यांचं लांबचं काही नातं निघतं का, ते मला एकदा बघायचं आहे.

"तुमच्याकडे ते कोण संपवतं," बाई म्हणाल्या, "हे घरी जाऊन बघा. मला उत्तर नको. फक्त बघा."

कमिटीने अर्ज मंजूर केला. मराठी बायकांचा गट राहिला. चौथ्या रकान्याला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा संगणकात तो जसाच्या तसा घातला आणि आता आमच्याकडचे लोक 'सॅम्पाव्ला' असं काहीतरी म्हणतात, एखाद्या इटालियन पदार्थासारखं. त्या दिवशी मी काकूंना गाडीतूनच फोन केला. त्या म्हणाल्या, "छान. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेस का?"

नव्या डायऱ्या आल्या त्या जाडजूड आणि इतक्या खऱ्या, की वाचताना लाज वाटावी. सात मोदकवाल्या बाईंनी तर पुरवणी जोडली होती. बाई खूश, मी खूश. हे पहिले दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात 'संपवलं'चा रकाना उतरायला लागला, पाचव्यात बहुतेक घरी त्यात नुसत्या आडव्या रेघा.

"परत ऊन खायला लागल्या?" मुख्य बाईंनी विचारलं. "हनी, एकतर त्या पुन्हा लपवतायत, नाहीतर तू त्यांना सुधारलंस. आपला अभ्यास नुसतं बघायचा आहे. सुधारायची परवानगी आपण घेतलेली नाही. काय ते सोमवारपर्यंत सांग, नाहीतर कमिटी हा गट पुन्हा काढायला बसेल."

रविवारी दुपारी मी काकूंकडे गेले. त्यांच्याही डायरीत रेघा होत्या. पट्टीने मारलेल्या.

"काकू, खरं सांगा हं."

"खोटं लिहायची मला सवय नाही, एकदा सांगितलं." काकू शांतपणे म्हणाल्या. "पण वाटी उचलली की आठवतं, आता वेळ लिहा, पदार्थ लिहा, कारण लिहा. दोन चमच्यांसाठी चार ओळी. त्यापेक्षा नकोच वाटतं. आणि कारण लिहिताना तर काहीतरीच होतं. रोज आपलं 'टाकवत नाही, टाकवत नाही'. मीच वाचलं एकदा सगळं सलग. म्हटलं, मी काय घराचं कचऱ्याचं खातं सांभाळते का?"

"म्हणजे तुम्ही उरलेलं टाकायला लागलात?"

"टाकेन कशी?" काकूंना धक्का बसला. मग त्यांनी हनुवटीने ओट्याकडे खूण केली.

ओट्यापाशी जावई उभे होते. एका हातात फोन, कुठलातरी कॉल चालू, "येस, येस, राइट" चाललेलं. दुसऱ्या हातात लेकीची वाटी. मॅकरोनी होती. तीन चमचे. मग चमचा चाटून त्यांनी बशीतल्या टोस्टच्या कडा उचलल्या.

"गेला महिनाभर," काकू कुजबुजल्या. "मी उचलत नाही, तर ते उचलतात. बाकीच्यांकडेही विचारून बघ. आमच्या ग्रुपवर सगळ्या हेच म्हणून राहिल्या आहेत."

मला एकदम आमच्या घरचा ओटा आठवला आणि नवऱ्याची महिनाभरात घट्ट झालेली जीन्स. धुण्यात आटली असं आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं होतं.

जावयांचा कॉल संपला. मी म्हटलं, "काय हो, काय खाताय?"

"मी?" त्यांनी रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही हो मावशी, मी कुठे काय खाल्लं?"

मी वही उघडली आणि पुन्हा मिटली. आमच्या अभ्यासात पुरुष बसत नाहीत. त्यांच्यासाठी अर्ज नाही, रकाना नाही, खोका नाही. सोमवारी मुख्य बाईंना मी सांगणार होते, की आमच्या बायका लपवत नाहीयेत. पण ते सगळं गेलं कुठे, असं त्यांनी विचारलं, तर?

काकूंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "घाई करू नकोस. अजून पातेल्यात खीर आहे."